दसरा काढलेलं घर

संगमनेरला मी ज्या स्टुडिओत काम करते, तिथं आषाढी झाली की कॅमेरे कपाटात जातात. लग्नंच नसतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत मालक बारशी, वाढदिवस, एखाद्या दुकानाचं उद्घाटन असल्या किरकोळ कामांवर दिवस काढतात आणि मी उन्हाळ्यात साठलेली लग्नं कापत बसते. कापत म्हणजे एडिट करत. सोळा वर्षं हेच करते आहे. लोकांच्या आयुष्यातला एक पूर्ण दिवस माझ्याकडं येतो आणि मी त्याची चाळीस मिनिटं करून परत देते. हल्ली तर मोबाईलवर पाठवायला तीन मिनिटांचा करून मागतात.

त्याचाच कंटाळा येऊन असेल, मला एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत नीट दाखवावासा वाटला. कुणाचं लग्न नसलेला दिवस. मालकांना म्हटलं, चातुर्मासात कॅमेरा असाही कपाटात पडून असतो, मला द्या, मी सिनेमा करते. ते हसले. मग मी गंभीर आहे हे पाहून म्हणाले की ने, पण तुळशीच्या लग्नाआधी परत आण, दिवाळीनंतर जुने कॅमेरे विकून नवे घ्यायचे आहेत. म्हणजे देव झोपलेले असतात त्या चार महिन्यांत माझा सिनेमा व्हायचा होता. तसा नियम मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही, पण माझ्यासारख्या बाईचा सिनेमा असल्याच काहीतरी फटीतून होतो.

सिनेमात काम करणारी बाई मला आधीच सापडली होती. आमच्या घराच्या मागं दरवर्षी ऊसतोडीची टोळी उतरते. पाथर्डीकडची माणसं. त्यातली एक तिशीची बाई आमच्या नळावर पाणी भरायला यायची आणि मोबाईल चार्जिंगला लावून ओट्यावर बसायची. ती मुकादमाची नक्कल करायची, कारखान्याच्या साहेबाची करायची, आणि एकदा माझीही केली. मी चष्मा कपाळावर ढकलून माणसाकडं न बघता कसं बोलते, ते तिनं हुबेहूब करून दाखवलं. मला राग आला होता. पण ही बाई कॅमेऱ्यापुढं घाबरणार नाही हे त्याच वेळी कळलं.

गोष्ट साधी होती. टोळी गावातून निघते त्या दिवशीची. एक बाई सकाळी उठते, सहा महिन्यांसाठी घर आवरते, भांडी बांधते, कोंबड्या कुणाकडं तरी ठेवते, शेजारच्या म्हातारीला घराकडं बघायला सांगून ठेवते, आणि ट्रॅक्टर दारात आला की कुलूप लावते. एवढंच. शूटिंग तिच्याच गावात, तिच्याच घरात. ती म्हणाली, "ह्यात पिक्चर काय हाय? हे तर आमी दरसाल करतो." मी म्हटलं, तेच करायचं, फक्त कॅमेऱ्याकडं बघायचं नाही.

आम्ही दोघंच जायचो. मी आणि स्टुडिओतला कॅमेरामन. एसटीनं नगर, तिथून पाथर्डी आणि पुढं जीप. कॅमेरा माझ्या दोन जुन्या साड्यांत गुंडाळलेला असायचा. माईक मीच धरायचे, बांबूला बांधून, वर लोकरीची कानटोपी घालून, म्हणजे वाऱ्याचा आवाज येत नाही. दिवे नव्हतेच. उजेड पाहिजे असला की अंगणात पत्रा तिरका धरायचा. गावात पहिल्या दिवशी सगळे कॅमेरामनलाच नमस्कार करत होते. चहाही आधी त्यालाच. तो माझ्याकडं बोट दाखवायचा, मग लोक माझ्याकडं बघून परत त्यालाच विचारायचे की शूटिंग किती दिवस चालणार. मी दुरुस्ती केली नाही. डायरेक्टर कोण हे पटवून देण्यात दुपार गेली असती आणि दुपारचा उजेड मला हवा होता.

कॅमेरामन माणूस चांगला, पण वीस वर्षं लग्नं शूट केलेली. कुणी रडायला लागलं की त्याचा कॅमेरा आपोआप जवळच्या फुलांकडं वळायचा. बाई भाकरी थापत असली की तो म्हणायचा, "जरा हसा." त्याची ही सवय मोडेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. घराबद्दलही त्याची कुरकुर होती. घर म्हणजे एकच खोली, वर पत्रा, कोपऱ्यात चूल. चुलीमागची भिंत छातीपर्यंत काळीभोर, वर जाईल तशी तपकिरी. कॅमेऱ्यात काही दिसत नाही, असं तो म्हणायचा. मला ती भिंत फार आवडायची. तिच्यापुढं त्या बाईचा चेहरा असा उठून दिसायचा की दुसरं काही सजवायला नको.

श्रावणात चार दिवस आणि गणपतीच्या आधी चार दिवस, असं करून अर्धा सिनेमा झाला. सकाळ झाली, दुपारचं जेवण झालं. राहिली होती दुपारनंतरची आवराआवर आणि निघणं. स्टुडिओत लग्नं तुंबली होती म्हणून मी परत आले. मालकांकडून पुढची आठ दिवसांची रजा मागून ठेवली. दसरा झाला की तीन दिवसांनी टोळी निघणार होती. त्याआधी उरलेलं संपवायचं. नाही संपलं तर ती येणार उन्हाळ्यात, तेव्हा लग्नसराई, आणि तोवर कॅमेराही विकलेला. मग अर्धा सिनेमा घेऊन काय करणार? अर्धा सिनेमा कोणी बघत नाही, पूर्ण झालेलाही बघतील की नाही याची खात्री नव्हती.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला आम्ही परत गेलो. जीपमधून उतरलो तेव्हाच कॅमेरामन म्हणाला की गाव जरा वेगळं दिसतंय. मी दारात पोचले आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला. घर निळं होतं. आतून बाहेरून, चुन्यात नीळ कालवून दोन हात दिलेले. चुलीमागची काळी भिंत गेली होती. दोरीवरच्या गोधड्या धुऊन घडी करून ठेवलेल्या, डबे घासून ओळीत मांडलेले, दाराला नवा रंग. कोपऱ्यात घट बसवला होता आणि त्यापुढं दिवा तेवत होता. बाई उपवासाची होती. हसत बाहेर आली. शूटिंग म्हणून यंदा दोन हात दिले, एरवी एकच देतो, असं तिनं सांगितलं. शेजारच्या बायका म्हणाल्या होत्या की पिक्चरमध्ये तुमचं घर काळं दिसेल, लोक काय म्हणतील.

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही, पण एकाच दिवसाची गोष्ट आहे, सकाळी काळी भिंत आणि दुपारी निळी कशी होईल, तुला एवढं साधं कळू नये का, असलं काहीतरी. अंगणात दोन-चार माणसं जमली. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "ताई, घट बसायच्या आदी दसरा काडाया लागतो. तुमी काडीत न्हाई का?"

दसरा काढणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या आईनं प्रत्येक वर्षी काढला. पितृपक्षात घरातली शेवटची चिंधीसुद्धा नदीवर जायची, पाटावरवंटा उन्हात यायचा, आणि आम्हाला दिवसभर घरात पाय टाकायला बंदी असायची. या जिल्ह्यातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं की घटाच्या आधीचं घर घटानंतर तसंच सापडत नाही. मीच विसरले होते. माझ्या घरी आता दिवाळीला एक बाई येते आणि पंखे पुसून जाते. सिनेमाचं वेळापत्रक करताना मी कॅमेऱ्याचा विचार केला, टोळीचा केला, लग्नतिथींचा केला. घर धुतलं जाईल हे डोक्यातच आलं नाही. चूक तिची नव्हती. मी तिला तसं सांगितलं नाही, फक्त ओरडणं थांबवलं.

कॅमेरामनचं म्हणणं होतं की सगळा सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट करून टाकू, कोणाला कळणार नाही. लॅपटॉपवर करून पाहिलं. काळं काळंच राहिलं आणि निळं पांढरं झालं. ओली चिपाडं जाळून भिंत परत काळी करता येईल, असं मी सुचवलं. बाईनं घटाकडं बघितलं आणि मान हलवली. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. आठातला एक दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच म्हणाली की ताई, सिनेमातल्या बाईलाच घर सारवू दे. सहा महिन्यांनी माघारी यायचं, तर बाई घर काळं ठेवून जाते का? जायच्या दिवशी सारवून जाते असं दाखवा. मग पुढं निळं दिसलं तरी चालतंय.

मला सोळा वर्षांत कुणी इतका चांगला उपाय सुचवलेला नाही. पण त्यासाठी काळी भिंत सारवली जाताना दिसायला पाहिजे होती, आणि गावात काळी भिंत उरली नव्हती. घरोघरी दसरा काढून झालेला. मी विचारलं, एकही घर राहिलं नाही? ती म्हणाली, एक हाय.

तिच्या भावकीतल्या एका म्हातारीचं घर. भिंतीला भिंत लागून, दोन्ही घरं एकदमच बांधलेली, त्यामुळं चूलही त्याच कोपऱ्यात. म्हातारीची सून मागच्या हंगामात उसाच्या फडावर तापानं गेली होती. वर्ष झालं नव्हतं, म्हणून त्या घरी घट नव्हते आणि दसराही काढलेला नव्हता. मुलगा कुठंतरी ट्रकवर असायचा. म्हातारी एकटी.

मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला. सून गेली हे ऐकताना मी मनात चूल कुठल्या कोपऱ्यात आहे आणि दारातून उजेड किती वाजता येतो हे बघत होते.

विचारायला बाईच गेली, मी मागं उभी राहिले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. कॅमेरा म्हणजे काय, किती वेळ लागेल, असलं काही विचारलं नाही. म्हणाली, "सारवा. सून गेल्यापासून भितीला कुनाचा हात न्हाई लागला. माजा वर पोचत न्हाई." आणि ओट्यावर जाऊन बसली.

पांढऱ्या मातीत चिमूटभर नीळ घातली, म्हणजे शेजारच्या भिंतीशी रंग जुळेल. बाईनं श्रावणात नेसलेली तीच साडी नेसली. एकदाच करता येणार होतं. भिंत एकदा निळी झाली की दुसरा टेक नाही, हे मी दोघांनाही तीन-तीन वेळा बजावलं. डावीकडून सुरू करायचं, चुलीमागून जायचं आणि दारापर्यंत न थांबता यायचं. दुपारी दोनला उजेड आत आला आणि आम्ही सुरू केलं.

ती फार छान सारवत होती. चिंधी बादलीत बुडवायची, पिळायची आणि अर्धगोल हात फिरवायची. काळ्यावर ओला पट्टा उमटायचा आणि माझ्या डोळ्यांदेखत घर बदलत होतं. कॅमेरामन एकदाही इकडंतिकडं वळला नाही. मी माईक धरून दाराशी होते. अर्धी भिंत झाली, चूल झाली. मग ती आरशाच्या खिळ्यापाशी आली आणि तिचा हात थांबला.

खिळ्याच्या बाजूला टिकल्या चिकटवलेल्या होत्या. बायका आंघोळीला जाताना कपाळावरची काढून भिंतीला लावतात, तशा. सात-आठ असतील, लाल आणि मेंदी रंगाच्या, दोन ओळींत. धुरानं काजळलेल्या. मी घर बघायला आले होते तेव्हा मला त्या दिसल्या नव्हत्या.

ती हात तसाच वर धरून उभी राहिली. चिंधीतून पाणी तिच्या कोपरावर ओघळत होतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की टेक चालला आहे, उजेड जाणार आहे आणि दुसरी भिंत नाही. मी माईकच्या मागून बोलले, "थांबू नकोस. तेही सारव."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच म्हातारी ओट्यावरून उठून आत आली, कॅमेऱ्याच्या पुढून. तिनं भिंतीला हात लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "तिच्या हायेत त्या. ऱ्हाऊ द्या, बाई. बाकी समदं घ्या."

मग बाईनं टिकल्यांच्या कडेकडेनं चिंधी फिरवली आणि दारापर्यंत भिंत पूर्ण केली. मध्ये हाताच्या पंजाएवढा काळा तुकडा राहिला. म्हातारी ते होईपर्यंत तिथंच उभी होती. कॅमेरामननं कॅमेरा बंद केला आणि बाहेर जाऊन बिडी ओढत बसला. त्यानं मला "झालं का?" असंही विचारलं नाही, जे तो एरवी प्रत्येक शॉटनंतर विचारायचा.

उरलेले दिवस भराभर गेले. निळ्या घरातली दुपार आणि संध्याकाळ आम्ही दसऱ्याच्या आदल्या दिवशी संपवली. रजा आणखी चार दिवस वाढवून घेतली. टोळी निघाली तेव्हा ट्रॅक्टर खराच दारात आला, कुलूप खरंच लागलं, आणि तो शेवटचा शॉट आम्हाला आयता मिळाला. ती ट्रॉलीत चढल्यावर कॅमेऱ्याकडं बघणार नाही हे माहीत होतं. तिनं नाहीच बघितलं. तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी मी कॅमेरा मालकांच्या टेबलावर ठेवला.

हिवाळाभर रोजचं काम आटपून उरलेल्या वेळात मी सिनेमा कापला. सारवण्याचा तो शॉट मधेच होता आणि त्याच्याशिवाय दोन्ही अर्धी जुळत नव्हती. त्यात माझा आवाज होता. आवाज काढणं हे माझं रोजचं काम आहे. लग्नात मामा शिव्या देतात, ते मी काढते. हा मात्र निघेना. माझं "सारव" आणि म्हातारीचं "तिच्या" एकमेकांवर पडलेले. माझं काढलं की तिचं तुटायचं. नुसतं चित्र ठेवून आवाज बंद केला तर म्हातारी आत का आली हे कळेना. तीन आठवडे झटापट केली आणि मग हात टेकले. तो तसाच राहू दिला. सिनेमा पाहणाऱ्याला वाटेल की बाहेर कुणीतरी कजाग सासू आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

टोळी माघारी आल्यावर ज्येष्ठात मी सिनेमा गावात नेला. शाळेला सुट्टी होती. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, भिंतीवर चादर ताणली आणि भरदुपारी पन्नासएक माणसं खाली बसली. सगळं शेवटपर्यंत पाहिलं. स्वतःच्या गावाची म्हैस दिसली की हसत होते, कुणाचं पोर आडवं पळालं की त्याचं नाव घेत होते. माझा आवाज आला तेव्हा पुढच्या बायकांत कुजबूज झाली. "सासू आसंल," कुणीतरी म्हणालं. बाई त्यांच्यातच बसली होती. म्हणाली, "सासू न्हाई. ताई हायेत." दोघी-तिघींनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

संपल्यावर माणसं उठली. घोंगड्या निघाल्या. म्हातारी मात्र जागची हलली नाही. मी जवळ गेले. ती म्हणाली की उन्हाळ्यात भिंतीचे पोपडे सुटले, आणि एका पोपड्याबरोबर टिकल्याही गेल्या. तिनं खाली शोधलं, पण दोनच सापडल्या, त्याही मातीनं भरलेल्या. मग चादरीकडं हात करून म्हणाली, "ते टिकल्यांचं तेवढं परत लावतीस का?"

खिडकीवर मी पुन्हा घोंगडी लावली. त्या शॉटमध्ये बाईचा हात वर जातो तोवर तिच्या खांद्यानं टिकल्या झाकलेल्या असतात. त्या नीट दिसतात त्या हात थांबल्यावर, आणि हात थांबला की मी बोलते. तेवढं टाळून त्या दाखवता येत नव्हत्या. म्हातारी पुढं सरकून चादरीच्या अगदी जवळ बसली. बघून झालं की ती म्हणायची, "आनखी येकदा." मी चार वेळा लावलं. चारही वेळा त्या रिकाम्या वर्गात आधी माझा आवाज आला, की थांबू नकोस, तेही सारव, आणि ती माझ्याकडं न बघता टिकल्या मोजत राहिली.